डावं इंजिन, उजवं इंजिन

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या कोर्टात, बार रूममध्ये डबा उघडून बसले होते. फोन अकोल्याहून शोभाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता. "ताई, हे गेले जी," एवढंच ती म्हणाली आणि मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. दुकानात बसल्या बसल्याच गेला. समोर कुणाची तरी पाण्याची मोटर उघडलेली होती, चहा अर्धा उरला होता. मी डबा तसाच बंद केला, ज्युनिअरला तारखा घ्यायला सांगितलं आणि अकोल्याची बस धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी मला रडू येईना. राग येत होता. कारण दहाच दिवसांपूर्वी तो माझ्या घरी जेवून गेला होता, धडधाकट, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून.

मोतीबिंदू काढायला तो अमरावतीला आला होता. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होते, पण डॉक्टरांनी एकाच डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे वैतागले. "दोन्ही एकदमच काहून नाही करून घेतले? अकोल्याहून पुन्हा चकरा मारत बसशील." तो भाकरी मोडत म्हणाला, "डॉक्टर नाई म्हणते ताई. एक आज, दुसरा महिन्यानं. एकाच दिवशी दोन्ही डोळ्याले हात नाई लावत तो." आणि मग एकदम गप्प झाला. त्या वाक्याने आम्ही दोघं कुठे जाऊन पोचलो होतो, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आज तो नाही, आणि ते सांगायलाच मी हा लेख लिहायला घेतला आहे. एरवी वकिलाला कुठे थांबावं ते बरोबर कळतं. मी मात्र ह्या एका प्रकरणात सोळा वर्षं थांबले, आणि चुकीच्या जागी थांबले.

मुकुंदा माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अकोल्यात आमची घरं एकाच गल्लीत. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, जिनिंग फॅक्टरीत फिटर होते आणि घरातल्या कुठल्याही वस्तूचे स्क्रू जागेवर राहत नसत, हा त्या बापलेकांचा गुण. बारावीनंतर मुकुंदाने विमानदुरुस्तीचा कोर्स केला आणि पुढे दक्षिणेतल्या एका शहरात, एका लहानशा विमान कंपनीत लागला. नातेवाइकांत 'मुलगा विमानात आहे' एवढंच पसरलं. स्थळं घेऊन येणारे त्याला पायलट समजायचे आणि तो विमानाखाली असतो हे कळल्यावर चहा लवकर संपवायचे. शोभाच्या वडिलांनी तेवढं नीट विचारलं. "विमान पडू नये हे पाहणारा माणूस उडवणाऱ्यापेक्षा बरा," म्हणाले आणि मुलगी दिली.

त्याच्या कंपनीकडे सत्तर-ऐंशी माणसं बसतील अशी लहान जेट विमानं होती. शेपटीजवळ दोन बाजूंना दोन इंजिनं. मुकुंदाला त्या इंजिनांचं वेडच होतं. एका मे महिन्यात तो रजेवर माझ्याकडे आला होता, बाहेर अंगाची लाही होत होती, आम्ही दोघं कुलरसमोर बसलो होतो. मी सहज विचारलं, की बाबा, हे जेट जेट म्हणजे नेमकं काय? झालं. त्याने कुलरच बंद केला आणि समजवायला लागला. "समोर मोठा पंखा असते पाह्य. त्यानं हवा ओढली का तिचे दोन भाग होते. एक हिस्सा आत जाते, दाबल्या जाते, जाळातून निघते. अन् पाच हिस्से जाळाले शिवतच नाई, बाहेरच्या बाहेर मागं जाते. विमानाले ढकलते ते जास्त करून ही बाहेरची हवा. आतला जाळ कायले? तर हा पंखा फिरवाले." मी म्हटलं, "म्हणजे जळतो एक आणि पुढे जातात बाकीचे. आपल्या खानदानासारखंच झालं." तो हसला, पण थांबला नाही. एका पोकळ दांड्यातून दुसरा दांडा कसा जातो, आतला दांडा पुढच्या मोठ्या पंख्याला फिरवतो आणि बाहेरचा हवा दाबणाऱ्या पात्यांना, दोघं एकमेकांना न शिवता आपापल्या वेगाने कसे फिरतात, हे त्याने माझ्या स्वयंपाकघरातली नळी आणि लाटणं घेऊन दाखवलं. मला घाम फुटला होता आणि कुलर बंदच होता.

पण त्याचा खरा जीव होता इंजिनाच्या कॉम्प्युटरवर. "पायलट लिव्हर पुढं करते ना, त्या लिव्हरपासून इंजिनापर्यंत ओढाची केबल नाई. तो निस्ता अर्ज करते. इंधन किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवते. वरची हवा किती पातळ हाय, बाहेर थंडी किती, आत किती तापलं, दांडे किती जोरात फिरून राहिले, सारं पाहून मंग देते. पायलटनं घाईघाईत लिव्हर रेटली तरी इंजिनाले झेपन तेवढंच देते." मला वकील म्हणून हे फार आवडलं. मी विचारलं, आणि तो कॉम्प्युटरच बिघडला तर? मुकुंदाचे डोळे चमकले; ह्या प्रश्नाचीच तो वाट पाहत होता. म्हणाला, पेटी एक दिसते, पण आत दोन कॉम्प्युटर असतात. दोघांच्या वायरी वेगळ्या, मोजमापं घेणारी यंत्रं वेगळी. एक काम करतो, दुसरा शेजारी जागा राहून तीच गणितं करत असतो. पहिला अडखळला की दुसरा लगेच कारभार हातात घेतो. विमानाची सगळी वीज गेली तरी ह्यांची जात नाही, कारण इंजिन फिरायला लागलं की त्याच्याच अंगावरचं छोटं जनरेटर ह्यांना वीज पुरवतं. आणि हे सगळं डाव्या इंजिनाला वेगळं, उजव्याला वेगळं. "डाव्याची बिमारी उजव्याले लागू नाई, म्हणून एवढा खटाटोप," तो म्हणाला. "अन् माणसं?" मी विचारलं. "माणसं बी दोन. आमच्याकडे नियमच हाय. एकाच माणसानं एकाच दिवशी दोन्ही इंजिनं उघडायची नाईत. डाव्याले मी, तर उजव्याले सेल्वम." सेल्वम म्हणजे त्याचा जोडीदार, त्याच्याच वयाचा इंजिनिअर. मग मुकुंदाने कुलर लावला आणि समाधानाने टेकून बसला. तो मुकुंदा मी त्यानंतर फार दिवस पाहिला नाही.

त्या घटनेचं मी जेवढं जाणते ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे. एका विमानाच्या दोन्ही इंजिनांची आतून तपासणी होती. पोटात दुर्बीण घालतात तशी बारीक कॅमेऱ्याची नळी आत सोडायची आणि एकेक पातं तपासायचं. सगळी पाती कॅमेऱ्यासमोर यावीत म्हणून त्यांचा दांडा हाताने हळूहळू फिरवावा लागतो. त्यासाठी इंजिनाच्या खालच्या अंगाला एक झाकण काढतात. काम झालं की झाकण लावायचं, आणि दर वेळी त्याला नवी रबराची रिंग घालायची, नाहीतर तिथून वंगणाचं ऑइल गळतं. तिथली पद्धत अशी होती की स्टोअरमधून रिंग बसवलेलंच झाकण यायचं. त्या दिवशी तशी झाकणं शिल्लक नव्हती. स्टोअर सांभाळणारे नारायणप्पा, पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेले गृहस्थ, त्यांनी दोन कोरी झाकणं दिली आणि दोन रिंगा वेगळ्या पुडीत दिल्या. "रिंग अलग है," असं बजावूनही सांगितलं. मुकुंदाने पुडी शर्टाच्या खिशात टाकली.

त्या दिवशी सेल्वम नव्हता. त्याची बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती. विमान दुसऱ्या सकाळी उडायचं होतं. मुकुंदाने विचार केला, आपल्यालाही येतंच की. त्याने डावं इंजिन उघडलं, तपासलं. तेवढ्यात सेल्वमचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. दोघं फोनवर हसले, पेढ्यांचं ठरलं. मुकुंदाने झाकण लावलं, मग उजवं इंजिन उघडलं, तपासलं, त्याचंही झाकण लावलं. इतक्या वर्षांची हाताची सवय... झाकण येतं ते रिंग घेऊनच येतं, असं हाताला माहीत होतं. दोन्ही इंजिनं नुसती थोडी फिरवून पाहिली, तेवढ्यात ऑइलचा थेंबही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्वम मिठाईचा डबा घेऊन आला आणि मुकुंदाच्या शब्दावर त्याने उजव्या इंजिनाच्या कागदावर सही केली.

सकाळच्या पहिल्याच फेरीत डाव्या इंजिनाचा ऑइलचा दाब पडला. पायलटने ते बंद केलं आणि विमान मागे वळवलं. एका इंजिनावर विमान आरामात उतरतं, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. पण वाटेत उजव्याचंही ऑइल उतरायला लागलं. मुकुंदा खाली उभा होता. डावं बंद झाल्याचं कळलं तेव्हा त्याला काळजी वाटली, उजव्याचं कळलं तेव्हा, तो म्हणाला, "ताई, मले सारं समजलं. मी खिशात हात घातला, तर शर्ट दुसरा होता." विमान उतरलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दोन्ही इंजिनांखालून ऑइलची धार लागली होती आणि शिडीवरून माणसं उतरत होती, त्यात एक बाई झोपलेल्या लेकराला खांद्यावर घेऊन त्याच्या अगदी समोरून गेली. घरी आला तर शोभाने धुवायच्या शर्टातून काढलेली पुडी टेबलावर ठेवली होती. "हे काय खिशात ठेवून राहिले?" तिने विचारलं. आत दोन्ही रिंगा होत्या.

चौकशीची नोटीस घेऊन तो सरळ माझ्याकडे आला. रात्रभराच्या प्रवासाने चेहरा काळवंडलेला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "सांगून टाकू का ताई? दोन्ही मीच केलं म्हणून?" त्याने सल्ला मागितला नव्हता. त्याला फक्त मान हलवणारं कुणीतरी हवं होतं, हे मला आज कळतं. मी काय केलं? मी चष्मा लावला आणि कागद पाहिले. डाव्यावर मुकुंदाची सही, उजव्यावर सेल्वमची. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. मी म्हटलं, "येडा झाला का? कोणी मेलं का? नाही ना. मंग आता गप राह्य." आणि मी माझ्या लेटरहेडवर, त्याची वकील म्हणून, माझ्या सहीने उत्तर लिहिलं. दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, दोन वेगवेगळ्या इंजिनांवर नेमकी तीच चूक केली, यावरून चूक माणसांची नसून त्यांना मिळालेल्या सामानाची आहे, असंच अनुमान निघतं. स्टोअरच्या वहीत रिंगा दिल्याची नोंद होती. ती मागाहून केली असावी, असंही मीच लिहिलं. ते उत्तर मला इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. पुडीचं काय, त्याने विचारलं. फेकून दे, मी म्हटलं. त्याने फेकली.

सेल्वमने आपली खोटी सही झाकायला तोंड मिटलं आणि पुढे आखातात निघून गेला. मुकुंदाला समज मिळाली. नारायणप्पांना नोकरीवरून काढलं, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली असताना. चौकशीत ते पुन्हा पुन्हा सांगत होते की मी रिंगा मोजून दिल्या, हाताने दिल्या. एकदा त्यांनी मुकुंदाकडे वळून "बोलो ना, मुकुंद" एवढंच म्हटलं. मुकुंदाने मान खाली घातली. हे त्याने मला फार पुढे, एकदाच सांगितलं आणि त्यावर मी म्हणाले होते, की झालं गेलं गंगेला मिळालं. काय माणूस आहे मी... असा विचार हल्ली कपड्यांना इस्त्री करतानासुद्धा मनात येतो आणि हात थांबतो.

वर्षाच्या आत नोकरी सोडून तो अकोल्याला परतला आणि मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक म्हणायचे, विमानाचा माणूस कुलरच्या मोटरी भरून राहिला. त्याच्या काही तऱ्हा गावभर माहीत होत्या. गिऱ्हाइकाने दोन मोटरी आणल्या तर तो एकच ठेवून घ्यायचा. "दुसरी उद्या आणा." लोक चिडायचे, हातगाडीचं भाडं पुन्हा पडतं म्हणायचे. तो ऐकायचा नाही. शर्टाला खिसा म्हणून नाही. शोभा नवा शर्ट आणून खिसा उसवून द्यायची आणि तो पेन कानावर ठेवायचा. बोलता बोलता वरून विमानाचा आवाज गेला की वाक्य अर्ध्यावर टाकून थांबायचा, आवाज पार विरेपर्यंत, आणि मग तिथूनच पुढे बोलायचा. नवा माणूस घाबरायचा. आम्हाला सवय झाली होती, आणि असल्या गोष्टीची सवय व्हायला नको होती.

अमरावतीला, बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमान सुरू झालं तेव्हा मी त्याला हट्टाने पाहायला नेलं. वाटलं होतं, बरं वाटेल. आत जायला तो तयार होईना, म्हणून कुंपणाच्या बाहेर, एका निंबाखाली उभे राहिलो. विमान उतरलं, पंख्याचं होतं. मी म्हटलं, "हे तुझ्यासारखं नाही, ह्याचे पंखे बाहेर आहेत." "आत जेटच असते ताई," तो म्हणाला, पण त्याचं लक्ष विमानाकडे नव्हतं. डोळे मिटून तो ऐकत होता, ओठ हलत होते. मी विचारलं काय करतोस. म्हणाला, "डावं ऐकलं. आता उजवं ऐकून राहिलो." दोन्ही बंद झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि माणसं उतरताना पाहत राहिला. शेवटचा माणूस आत गेल्याशिवाय तो तिथून हलला नाही. परतताना गाडीत मी खूप बोलले, तो खिडकीबाहेर पाहत होता.

तेरावं झाल्यावर शोभा त्याचा मोबाइल घेऊन माझ्यापाशी आली. "ताई, हे 'स्टोअर' कोण हाय जी? दर रविवारी सकाळी फोन करत होते त्याईले. मले वाटे, सामानाचं दुकान असन. पण कालपासून तिकडून चार फोन आले." मी मोबाइल घेऊन दुकानात गेले. टेबलावर ती मोटर अजून उघडीच होती, कुणी हात लावला नव्हता. मी स्टुलावर बसले आणि फोन लावला. पलीकडे म्हातारा आवाज. मी माझं नाव सांगितलं, मुकुंदा गेल्याचं सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बहन? वो वकील?" मी हो म्हटलं आणि माझ्या मोडक्या हिंदीत सुरुवात केली, की नारायणप्पा, सोळा वर्षांपूर्वीचं मला तुम्हाला काही सांगायचं आहे. त्यांनी मला थांबवलं.

"मालूम है. सब मालूम है. आठ साल पहले वो इधर आया था, मेरे घर. अंदर नहीं आया, सीढ़ी पे बैठा और सब बोल दिया. मैं बोला, लिख के दे दो, मेरा नाम साफ हो जाएगा. वो बोला, अप्पा, मेरा जो होना है होने दो, मैं आज लिख दूँगा. लेकिन उस जवाब पे मेरी बहन का साइन है. उसका वकालत चला जाएगा. फिर बहुत रोया. मैं क्या बोलता? तब से हर इतवार फोन करता था. मेरा घुटना पूछता था, बीपी पूछता था." मग त्यांनी विचारलं, "आप अभी भी कोर्ट जाती हैं?" मी म्हटलं, जाते. "तो रहने दीजिए, मैडम," ते म्हणाले. "वो भी यही चाहता था."

फोन ठेवल्यावर मी त्या स्टुलावर किती वेळ बसले होते ते आठवत नाही. मला रडू आलं ते तेव्हा. सोळा वर्षं मी समजत होते की मी माझ्या भावाला वाचवलं. लग्नकार्यांत, मनातल्या मनात, मी त्याचं श्रेयही घेत होते. आणि तो, माझा धाकटा भाऊ, निमूटपणे मला वाचवत बसला होता. खिसे उसवलेले शर्ट घालून, दर रविवारी एका माणसाचा गुडघा विचारत... त्याला खरं बोलायचं होतं. सुरुवातीला माझ्या हुशारीने त्याचं तोंड बंद केलं आणि पुढे माझ्यावरच्या मायेने.

पुडी आता नाही. पुरावा मीच फेकायला लावला. सेल्वम कुठे आहे ठाऊक नाही. उरला तो माझा जबाब, म्हणून तो इथे, वर्तमानपत्राच्या ह्या पुरवणीच्या पानावर, सगळ्यांदेखत देते. त्या दिवशी डाव्या आणि उजव्या, दोन्ही इंजिनांवर काम एकट्या मुकुंदाने केलं होतं. हे माहीत असून ते उत्तर मी लिहिलं, सही माझी आहे. सनदेचं जे व्हायचं ते होईल. ह्या मजकुराचं हिंदी करून, शपथपत्रावर घेऊन, एक प्रत कंपनीला आणि एक तुम्हाला पाठवली आहे, नारायणप्पा. राहू द्या म्हणालात, ते मी ऐकणार नाही. रिंगा तुम्ही दिल्या होत्या. मोजून, दोन.